आत्याची गोळी आणि माझे उंदीर

प्राणिगृहातल्या वासाची सवय व्हायला मला आठ दिवस लागले, आणि तो केसांतून जायला त्याहून जास्त. ओला तूस, उंदरांचं मूत आणि त्यावर फिनेल. होस्टेलवरच्या रूममेटने स्पष्ट सांगून टाकलं होतं, आधी अंघोळ, मग खोलीत पाऊल. मी एम.फार्म.ला औषधी रसायनशास्त्र घेतलेलं, म्हणजे खरं तर माझं काम फ्लास्क आणि कंडेन्सरपाशी संपायला हवं होतं. पण आमच्या सरांचा हट्ट, की रेणू ज्याने बनवला त्यानेच तो उंदराला टोचायचा. "वितळणबिंदू सांगून कुणाची फिट थांबत नाही," असं ते म्हणायचे. हे साल २०१२.

फिटवरची औषधं हा विषय मीच निवडला होता. का, असं विचारल्यावर "त्यावर वाचायला भरपूर आहे" असं काहीतरी ठोकून दिलं. खरं कारण आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी तिला पहिली फिट आली. आमच्या घरात फिट, फेफरं, आकडी यातला एकही शब्द चालत नसे. "आत्याला झालं" एवढंच म्हणायचे. झालं की कुणी चप्पल हुंगवायला धावायचं, कुणी तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचं. देवऋषी झाले, गंडेदोरे झाले. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी गार्डिनल सुरू केली, म्हणजे फेनोबार्बिटोन, आणि फिट जवळजवळ थांबल्याच. गुण आला म्हणून घराने पेढे वाटले आणि पुढची चाळीस वर्षं त्या गोळीकडे कुणी वळून पाहिलं नाही. आत्या तांदूळ निवडता निवडता सुपावर मान टाकायची. हाक मारली तर तिचा "ओ" येईपर्यंत हाक मारणारा निघून गेलेला असायचा. आम्हा पोरांना वाटायचं, ती स्वभावानेच मंद आहे. लग्न झालं नाही ते वेगळंच. तेव्हा कायदाही तिच्या बाजूने नव्हता. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिटचा उल्लेख थेट वेडाच्या झटक्यांशेजारी होता, तो १९९९च्या दुरुस्तीत निघाला.

तर रेणू. मी सेमिकार्बाझोन नावाच्या कुटुंबातले अकरा बनवायचे ठरवले. त्यात माझं डोकं काही नाही. कॅनडात सास्काचेवान विद्यापीठात डिमॉक आणि आपल्याकडे बनारसला पांडेय यांनी या कुटुंबावर बरंच काम करून ठेवलं होतं, आणि रेणूचा कुठला भाग कशाला लागतो याचा नकाशा काढला होता. एका टोकाला तेलाशी सलगी करणारं बेन्झीनचं कडं, त्यावर क्लोरीन किंवा ब्रोमीनसारखा अणू. मध्ये युरियासारखा तुकडा, जो प्रथिनाशी हायड्रोजनचे बंध जोडेल. पलीकडे आणखी एक कडं. एवढं जमलं की रेणूला मेंदूत शिरायची आणि तिथे कुठेतरी बसायची शक्यता. शिरणंच अवघड. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत फार पाणचट रेणूला आत घेत नाही, आणि फार तेलकट रेणू पाण्यात विरघळतच नाही, मग सुईतून जाणार कसा?

कृती तीन पायऱ्यांची. ॲनिलीनमध्ये सोडियम सायनेट टाकून युरिया करायचा, त्यात हायड्रॅझिन हायड्रेट घालून सेमिकार्बाझाइड, आणि त्याची गाठ ॲल्डिहाइड नाहीतर कीटोनशी मारायची. वाचायला सोपं. दुसऱ्या पायरीने माझे तीन महिने खाल्ले. हायड्रॅझिन विषारी, विषारी वाफा ओढून घेणाऱ्या आमच्या फ्यूम हूडचा पंखा मनात आलं तर फिरायचा, आणि रात्रभर रिफ्लक्स करून, म्हणजे वाफ थंड करून परत फ्लास्कात पाडत उकळून, सकाळी बर्फात ओतावं तर खाली चिकट पिवळा गोळा. खरवडून काढताना बी.फार्म.चं प्रॅक्टिकल आठवायचं. तिथे आम्ही सगळ्यांनीच फेनिटॉइन बनवलं होतं: बेन्झॉइनपासून नायट्रिक ॲसिडने बेन्झिल, तांबडा धूर, डोळ्यांत पाणी, मग बेन्झिल आणि युरिया अल्कलीत उकळायचं, गाळायचं, आणि त्या स्वच्छ द्रावात थेंब थेंब ॲसिड सोडलं की एकदम पांढरंशुभ्र काहीतरी चोथ्यासारखं वर येतं. जगभर लाखो माणसांची फिट आवरणारं औषध कॉलेजच्या बीकरमध्ये दोन तासांत तयार. त्या वयात वाटलं होतं, औषध शोधणं म्हणजे हेच असावं.

अकरांतले नऊ नीट स्फटिक होऊन आले, दोन शेवटपर्यंत हट्टी. शुद्धता तपासायच्या टीएलसीच्या पट्टीवर एकच ठिपका दिसेपर्यंत इथेनॉलमधून पुन्हा पुन्हा स्फटिक काढले, रेणूची रचना तपासायला आयआर कॉलेजात, एनएमआरला नमुने बाहेरगावी. कुप्यांवर एस-१ ते एस-११ अशी लेबलं.

त्याच सुमारास प्राणी नैतिकता समितीची बैठक झाली. सीपीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती, तिचा फॉर्म बी भरायचा: किती उंदीर, का तेवढे, वेदना कशी कमी करणार, शेवटी त्यांचं काय करणार. मी भाबडेपणाने प्रत्येक रेणूला, प्रत्येक मात्रेला सहा-सहा उंदीर मांडले होते. बाहेरून आलेल्या सदस्यांनी आकडा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "जे रेणू पहिल्याच पायरीवर पडणार, त्यांच्यासाठीही सहा कशाला?" मग ठरलं, की आधी दोन-दोनवर चाळणी करायची आणि आशा दिसली तरच सहाचा गट घ्यायचा. आकडा निम्म्याहून खाली आला. त्या प्रश्नाबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

उंदीर धरायला प्राणिगृहातल्या मामांनी शिकवलं. शेपटीला धरून जाळीवर ठेवायचा, तो पुढे पळायला बघतो, तेवढ्यात मानेमागची कातडी चिमटीत. भीत भीत धरलं तर तो चावतो, आणि तो चावला की मामा हसतात. कुठला कोणता हे कळावं म्हणून पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका, एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीच्या मुळाशी. माझी बोटं महिनाभर हळद खेळल्यासारखी होती. रेणू पाण्यात विरघळत नसत म्हणून सीएमसी नावाच्या सेल्युलोजच्या पुडीच्या पातळ लुकणात खलून पोटात टोचायचे.

पहिली चाचणी विजेच्या झटक्याची, एमईएस. कानांना ओल्या कापसाच्या क्लिपा लावायच्या, ५० मिलिअँपिअर, ०.२ सेकंद. पहिला उंदीर कंट्रोलचा होता, त्याला नुसतं लुकण दिलेलं. मी बटण दाबलं. त्याचं सगळं अंग आकसलं, पाय पोटाशी गेले, आणि मग मागचे दोन्ही पाय शेपटीच्या रेषेत सरळ मागे ताणले गेले, ताठ, बोटं पसरलेली. श्वास बंद. मामा सेकंद मोजत होते. दहा, अकरा, बारा. मग अंगभर झटके सुरू झाले, मग तो आडवा पडून राहिला, आणि मला वाटलं, गेला. दोनेक मिनिटांत तो उठून बसला आणि मिशा पुसायला लागला.

मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. ते ताठलेले पाय मी याआधी पाहिले होते, आमच्या माजघरात, पातळाखाली.

या चाचणीत पाहायचं असतं ते नेमकं तेवढंच: मागचे पाय ताणले जातात की नाही. ताणले नाहीत तर रेणूने फिट पसरू दिली नाही असं धरतात. फेनिटॉइन ते करतं, कारण चेतापेशीच्या सोडियमच्या दारांपैकी जी दारं घाईघाईने पुन्हा पुन्हा उघडू पाहतात त्यांनाच ते अडसर घालतं; सावकाश ये-जा करणाऱ्यांना फारसं अडवत नाही. दुसरी चाचणी पेंटिलीनटेट्राझोलची, म्हणजे फिट आणणाऱ्या रसायनाची. कातडीखाली किलोमागे ८५ मिलिग्रॅम टोचायचं आणि अर्धा तास उंदरासमोर बसून राहायचं, पाच सेकंद टिकणारे झटके येतात का ते बघत. तिथे फेनिटॉइन नापास होतं आणि इथोसक्सिमाइड पास. पहिल्या चाचणीत नेमकं उलट. एकाच आजाराच्या दोन औषधांची ही तऱ्हा पाहिल्यावर लक्षात आलं, की चाचणी जे विचारते त्याचंच उत्तर मिळतं. लेव्हेटिरासिटाम हे फिटवरचं नवं औषध तर आमच्या या दोन्ही चाचण्यांत जवळजवळ कोरंच राहतं. जनावराच्या मेंदूला रोज थोडा थोडा करंट देऊन फिटची सवय लावतात, त्याला किंडलिंग म्हणतात, तशा प्राण्यांत त्याचा गुण दिसतो. माझ्या टेबलावर ते आलं असतं तर मी कुपीवर फुली मारून पुढे गेले असते.

आता माझ्या फजितीची गोष्ट. एका दुपारी एस-९ चे दोन्ही उंदीर वाचले. पाय जरासुद्धा ताणले नाहीत. माझ्या अंगावर रोमांच. तशीच सहाचा गट लावला, सहाच्या सहा वाचले. मी धावत सरांच्या केबिनमध्ये. सर चहा पीत होते. ते म्हणाले, "आणि कंट्रोल?" मी म्हटलं, "सकाळी केला, सगळ्यांना फिट आली." "आत्ता कर." दोन कंट्रोल घेतले, बटण दाबलं. उंदीर दचकले, आणि मजेत मिशा पुसायला लागले. क्लिपेची तार सोल्डरपाशी तुटून नुसती टेकलेली होती, दुपारपासून करंट धड पोचतच नव्हता. तार जोडून दुसऱ्या दिवशी एस-९ पुन्हा केला, सहांतला एक वाचला. आठ उंदीर फुकट गेले. समितीच्या रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे कारण लिहायला मला फार वेळ लागला. मामा म्हणाले, "ताई, 'यंत्र बिघाड' लिहा." मी लिहिलं, "कंट्रोल वेळेवर केला नाही."

पण मला मुळातून हलवलं ते रोटारॉडने. करंट नाही, सुई नाही, मिनिटाला सहा फेऱ्या फिरणारी एक आडवी दांडी. उंदराला तीवर चढवायचं. धडधाकट उंदीर चालत राहतो, कंटाळला तर मान वळवून तुमच्याकडे बघतो. औषधाने गुंगलेला असेल तर पडतो. एका मिनिटात तीनदा पडला तर रेणू मज्जासंस्थेला जड.

एस-११ वर माझी मदार होती. किलोमागे ३०० मिलिग्रॅमला सहांतले पाच वाचले होते, आणि या वेळी कंट्रोल शेजारीच केलेला. त्यातला पाठीवर ठिपका असलेला उंदीर मी दांडीवर ठेवला. त्याने पुढचे पाय दांडीभोवती घातले, एक फेरी नुसता लोंबकळला आणि खालच्या कापसावर पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने धरायचा प्रयत्नही केला नाही. डोळे उघडे होते. हाक मारली की "ओ" यायला वेळ लागतो ना, तसे उघडे.

फिट थांबली होती, अगदी खरी थांबली होती. उंदराला गुंगवून फिट थांबवली, यात रेणूचं कौतुक ते काय?

त्या रात्री मी जुन्या औषधांचा तक्ता काढून बसले. या क्षेत्रात सगळे तो वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९७५ला फिटवरच्या नव्या रेणूंची चाळणी सुरू केली, त्या कामातून आलेले आकडे. एका रकान्यात निम्म्या उंदरांची फिट थांबवणारी मात्रा, किलोमागे मिलिग्रॅममध्ये, दुसऱ्यात निम्म्यांना दांडीवरून पाडणारी, आणि तिसऱ्यात दुसरीला पहिलीने भागून येणारा संरक्षण निर्देशांक. फेनिटॉइन: साडेनऊ, साडेपासष्ट, म्हणजे ६.९. त्याच्या दोन ओळी खाली फेनोबार्बिटल: २१.८, ६९, म्हणजे ३.२. आमच्या घरातलं गार्डिनल. फिट थांबणं आणि दांडीवरून पडणं यांत जेमतेम तिपटीचं अंतर. हा हिशोब उंदरांचा, माणसाला जसाच्या तसा लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. व्हॅल्प्रोएट या फिटवरच्याच औषधाचा निर्देशांक तर १.६ आहे आणि ते जगभर चालतं. तरी मी त्या ३.२ कडे बराच वेळ बघत बसले.

मग त्या दोघांचा इतिहास वाचला तेव्हा आणखी चरफडले. फेनोबार्बिटल आधी झोपेसाठीच वापरात आलं. १९१२मध्ये जर्मनीत हाउप्टमान नावाच्या तरुण डॉक्टरने वॉर्डातल्या फिटच्या रुग्णांना ते शांत झोपावेत म्हणून दिलं, आणि झोपेबरोबर फिटही कमी झाल्या. म्हणजे गुंगी आधी, गुण नंतर. फेनिटॉइनचं उलटं. बिल्ट्झने ते १९०८ला बनवून ठेवलं होतं, पण झोप आणत नाही म्हणून ते कुणाच्या कामाचं ठरलं नाही. १९३०च्या दशकात बॉस्टनला मेरिट आणि पटनम यांनी मांजरांना विजेचा झटका देऊन एकेक रेणू तपासायला घेतला, तेव्हा त्यांना हवंच होतं ते असं काही, जे फिट थांबवेल पण झोपवणार नाही. १९३८ला त्यांचे रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले. कुणीतरी तो प्रश्न विचारला म्हणून बाजूला पडलेला रेणू औषध झाला. आमच्या घरात चाळीस वर्षं एकच प्रश्न विचारला जात होता, फिट आली का? नाही ना, मग झालं तर.

बाकी निकाल झटपट सांगते. एस-४, ब्रोमीनवाला, त्यातल्या त्यात बरा. १०० मिलिग्रॅमला अर्ध्या तासाने सहांतले चार वाचले, चार तासांनी एकच. दांडीवर ३०० लाही कुणी पडलं नाही. पेंटिलीनटेट्राझोलपुढे शून्य. म्हणजे फेनिटॉइनचाच एक दूरचा, अशक्त, लवकर दमणारा भाऊ. प्रबंधात त्याचं कौतुक दोन पानं केलं, व्हायव्हाला परीक्षकांनी "पुढे काय?" विचारलं, मी "मात्रा-प्रतिसाद अभ्यास" म्हणाले. एम.फार्म.च्या रेणूंना पुढे काही नसतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. उरलेली पूड डेसिकेटरमध्ये राहिली. प्रोटोकॉलप्रमाणे उरलेले उंदीरही संपवावे लागले. ते मी स्वतः केलं, मामांवर ढकललं नाही. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

त्या उन्हाळ्यात आत्याला मी शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. घरात विरोध झालाच. "चालतंय ते का बिघडवायचं?" डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, एका रेषेत टाच-बोट असं चालायला सांगितलं. ती चौथ्या पावलाला भिंतीला टेकली. मला दांडी दिसली. त्यांनी लेव्हेटिरासिटाम सुरू केलं, आणि त्यावर तिचा जम बसल्यावर गार्डिनल उतरवायला घेतली, तीही इंच इंच, कित्येक महिने, कारण ही गोळी एकदम तोडली तर फिटांची रांग लागू शकते. ते महिने आम्ही जीव मुठीत धरून काढले. दोनदा तिला झालं. आई दोन्ही वेळा मला फोनवर काही बोलली नाही, फक्त "झालं" म्हणाली.

मग हळूहळू आत्या जागी झाली. अक्षरशः. आणि भांडायला लागली. चिडचिड हा त्या नव्या गोळीचा ठरलेला त्रास आहे हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी मात्रा थोडी कमीही केली, पण सगळीच चिडचिड काही गोळीची नव्हती. कुणाच्या लग्नात तिला मागे बसवलं होतं, कुणी तिच्या वाटणीची पाटली परस्पर मोडली, सगळं तिला लख्ख आठवत होतं. आईचं मत आजही असं, की आधीची आत्या बरी होती.

मागच्या दिवाळीत मी माजघरात बसून तिला उंदरांचं सगळं सांगत होते. विजेचं ऐकताना तिने तोंड फिरवलं. दांडीचं मात्र नीट ऐकून घेतलं.

"किती वेळ राहायचं त्याने वर?"

"एक मिनिट."

"मला ठेवलं असतं ना, तर पहिल्याच फेरीला आपटले असते," ती म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढलं. "आणि हे तांदूळ आणलेत कुणी? निम्मे खडेच आहेत."